त्र्यंबकमामांचे पाच पेशंट

आसावरी नवाथेने अॅरिझोनातल्या चँडलरच्या चिप कंपनीतली बावीस वर्षांची नोकरी सोडली, तेव्हा तिथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांना वाटलं तिला काढून टाकलं आणि उरलेल्या निम्म्यांना वाटलं तिचं डोकं फिरलं. दोन्ही खोटं होतं. चाळिशीत तिने हौस म्हणून विमान चालवायचं लायसन्स काढलं होतं. एक्कावन्नाव्या वर्षी तिने एक जुनं चार सीटांचं सेस्ना विमान घेतलं आणि वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची ती पायलट झाली. जिथे धड रस्ते नाहीत तिथे, डोंगरातल्या मातीच्या धावपट्ट्यांवर माणसं आणि सामान पोचवायचं, गळ्यात रेडिओ-पट्टा बांधलेलं जनावर कुठे भटकतंय ते आकाशातून शोधायचं आणि कधीकधी जनावरच इकडून तिकडे न्यायचं, असं ते काम. आतापर्यंत तिने पंख दुखावलेला एक गरुड नेला होता, चौतीस कासवं नेली होती, आणि घाण वासाची पिचकारी मारणारा एक स्कंक नेला होता. स्कंकचा विषय घरात काढायचा नाही, असं तिचं आणि यतीनचं ठरलं होतं.

यतीन म्हणजे तिचा नवरा. त्याला छोट्या विमानात बसलं की मळमळायचं, म्हणून तो तिला जमिनीवरूनच पाठिंबा द्यायचा. बाकीच्यांचा पाठिंबा जेमतेम होता. मंडळाच्या अध्यक्षांनी तिला पाडव्याच्या मिरवणुकीवर वरून झेंडूची फुलं टाकशील का म्हणून विचारलं होतं. असं करायला परवानगी नसते, असं तिने सांगितल्यावर ते खरोखरच्या कुतूहलाने म्हणाले, "मग त्या विमानाचा उपयोग काय?"

मे महिन्याच्या सुरुवातीला यतीनचे मामा पंधरा दिवस राहायला आले. डॉक्टर त्र्यंबक साठ्ये, वय एकोणऐंशी. पूर्व किनाऱ्यावरच्या पार्सिपनीत एक्केचाळीस वर्षं त्यांनी लहान मुलांची प्रॅक्टिस केली होती, आणि त्या भागातल्या दोन पिढ्यांच्या भारतीय मुलांनी त्यांच्यासमोर जीभ बाहेर काढून 'आ' केलं होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे पेशंट उरले नव्हते, पण सल्ले भरपूर उरले होते. सकाळी उठून ते फ्रिज तपासायचे आणि रेखामामींना कुठल्या डब्यात काय किती दिवसांचं आहे ते सांगायचे. शेवटी मामींनी स्वतः त्यांचं तिकीट काढलं. आसावरीला फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्याकडे हवा कोरडी आहे. त्यांना मानवेल. मला तर फारच मानवेल."

चँडलरला आल्यावर मामांनी पहिल्या दिवशी फ्रिज तपासला आणि दुसऱ्या दिवशी आसावरीला.

"जॉब सोडलास तो सोडलास," ते चहा घेताना म्हणाले, "पण दुसरं काही मिळालं नाही का? एवढी शिकलेली मुलगी. लांडग्यांची टॅक्सी चालवतेस?"

"लांडगे अजून नेले नाहीत, मामा," आसावरी म्हणाली. "गुरुवारी नेणार आहे."

मामांनी कप खाली ठेवला.

मग तिने त्यांना सगळं नीट सांगितलं. मेक्सिकन लांडगा ही जात एकेकाळी जवळजवळ संपली होती. उरलेली मोजकी जनावरं पकडून त्यांची पिल्लं वाढवली, मग हळूहळू जंगलात सोडली. आता जंगलात बरेच लांडगे आहेत, पण सगळे एकमेकांचे चुलत-मावस, म्हणून नवं रक्त हवं. त्यासाठी संगोपन केंद्रात जन्मलेली आठ-दहा दिवसांची पिल्लं घ्यायची आणि जंगलातल्या एखाद्या मादीला त्याच सुमारास पिल्लं झाली असतील, तर तिच्या बिळात गुपचूप तिच्या पिल्लांमध्ये मिसळून टाकायची. मादी सगळी आपली म्हणून वाढवते. मात्र पिल्लं दोन आठवड्यांच्या आतली हवीत आणि केंद्रातून निघाल्यावर काही तासांत बिळात पोचायला हवीत. गाडीने सहा तास लागतात. विमानाने सव्वा तास.

"आणि तिला कळत नाही? पाचाची दहा झाली तरी?"

"बहुतेक नाही कळत."

"आमच्या हॉस्पिटलात असं झालं असतं तर पेपरात आलं असतं," मामा म्हणाले, आणि त्यांनी तो विषय तिथेच संपवला.

गुरुवारी सकाळी यतीनची कुठलीशी मीटिंग होती. मामांना दुपारी मंडळातल्या ज्येष्ठांच्या जेवणाला जायचं होतं, आणि तोवर घरी एकटं बसून फ्रिजमध्ये बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तुझं विमान बघतो आणि मग उबर करून जातो," असं म्हणत ते आसावरीबरोबर निघाले. कपाळाला आणि छातीला बाम चोळलेला, अंगात फुलशर्ट आणि त्यावर स्वेटर, कारण अॅरिझोनातल्या एसीवर त्यांचा विश्वास नव्हता.

विमान बघून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी एका बोटाने दरवाजा दाबून पाहिला.

"हा पत्रा आहे," ते म्हणाले.

"अॅल्युमिनियम आहे, मामा."

"आमच्या घरच्या डब्यांचा पत्रा याहून जाड आहे."

खरी गोष्ट अशी होती, की मामांना विमानाचीच भीती वाटायची. मोठ्या विमानातसुद्धा ते आतल्या बाजूची सीट घ्यायचे आणि पाच तास समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसायचे. हे फक्त मामींना माहीत होतं.

सव्वासहाला केंद्राची गाडी आली. मरिसोल नावाची तरुण मुलगी निळ्या कापडी पेटीसकट उतरली. पिल्लांबरोबर विमानातून तीच जाणार होती, वाटेत त्यांना दूध पाजायचं आणि ऊब सांभाळायची हे तिचं काम. तिने तोंडाला मास्क लावला होता आणि तिचे डोळे लाल होते.

"अॅलर्जी आहे," ती म्हणाली. "मी ठीक आहे."

मामा चार पावलं पुढे झाले. आसावरीने त्यांना असं चालताना कधी पाहिलं नव्हतं. गुडघेदुखी, कंबर, सगळं कुठेतरी गेलं.

"मास्क काढ," ते इंग्रजीत म्हणाले. "तोंड उघड. आ कर."

मरिसोलने काही न विचारता 'आ' केलं. एक्केचाळीस वर्षांच्या सवयीचा आवाज होता तो, त्याला नाही म्हणणं कुणालाच जमलं नसतं. मामांनी फोनचा टॉर्च लावून आत पाहिलं, तिच्या मानेच्या गाठी चाचपल्या, कपाळाला हाताची उलटी बाजू लावली.

"घशात पांढरे ठिपके, ताप एकशेदोन. ही अॅलर्जी नाही. घरी जा, तपासणी कर, औषध घे." मग आसावरीकडे वळून मराठीत म्हणाले, "नवजात बाळांजवळ ही मुलगी जाणार नाही. मी जाऊ देणार नाही. मग ती लांडग्याची का असेनात."

"बरोबर आहे तुमचं," आसावरी म्हणाली. "मग यांच्याबरोबर कोण जाणार?"

पेटीतून बारीक चूं चूं आवाज येत होता. मरिसोल पेटीकडे बघत होती. आसावरी मामांकडे बघत होती. मामांनी एकदा मागे वळून पाहिलं, पण मागे कोणीच नव्हतं.

"दुसरं कोणी बोलवा ना तुमच्या सेंटरमधून," ते म्हणाले.

"केंद्र दीड तासावर आहे. दहानंतर डोंगरावर वारा सुटतो, मग मला उतरता येत नाही. आज नाही गेली तर उद्या ती मादी बीळ बदलेल कदाचित. मग ही पिल्लं पिंजऱ्यातच राहतील, जन्मभर."

आसावरीने संस्थेच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून विचारलं, "या गृहस्थांना नवजात पिल्लांचा अनुभव आहे का?"

"एक्केचाळीस वर्षांचा."

"कुठल्या प्रजातीचा?"

आसावरीने मामांकडे पाहिलं. "सस्तन प्राण्यांचा," ती म्हणाली.

सात वाजता विमान सुटलं.

मामा पुढच्या उजव्या सीटवर होते. पेटी त्यांच्या मांडीवर, पट्ट्याने बांधलेली. मरिसोलने निघताना लांबूनच, मास्क लावून, त्यांना सगळे नियम सांगितले होते. पिल्लांना नावं द्यायची नाहीत, पायावरच्या रंगाच्या खुणेप्रमाणे एक ते पाच नंबर आहेत. गरम पाण्याच्या पिशवीला थेट टेकू द्यायचं नाही. साडेसातला प्रत्येकाला थोडं थोडं दूध द्यायचं आणि मग ओल्या कापसाने खालून हलकेच पुसायचं, कारण एवढ्या लहानपणी त्यांना आपण होऊन शू करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: त्यांच्याशी बोलायचं नाही. माणसाच्या आवाजाची सवय लागायला नको.

धावपट्टीवरून चाकं उचलली तेव्हा मामांनी डोळे मिटले आणि रामरक्षा सुरू केली. चँडलरची कौलारू घरं, निळे स्विमिंग पूल, कंपन्यांच्या पांढऱ्या छपरांच्या रांगा खाली सरकत गेल्या. पुढे वाळवंट, मग खडबडीत तांबडे डोंगर. उन्हाने तापलेल्या कड्यावरून वर येणारी हवा लागली आणि विमान हातभर उचललं जाऊन परत आपटलं. मामांची रामरक्षा मधेच पहिल्या श्लोकावर गेली.

"मामा, रस्त्यात खड्डा आला असं समजा."

"रस्त्यात खड्डा आला तर माणूस रस्त्यातच राहतो, आसावरी!"

तेवढ्यात पेटीतून आवाज आला. चूं चूं नव्हे, जोरात, रागाने, हक्काने. मामांनी डोळे उघडले. त्यांनी पेटीची जाळी बाजूला केली आणि आत पाहिलं. पाच काळसर तपकिरी गोळे, चिचुंद्रीएवढे, डोळे बंद, कान दुमडलेले. एक दुसऱ्याच्या डोक्यावर चढून तोंड उघडून ओरडत होतं.

"अरे," मामा म्हणाले. "ही तर भुकेली आहेत."

त्यानंतर खिडकीबाहेर काय चाललंय ते त्यांनी पाहिलं नाही. बाटली गरम पाण्याच्या पिशवीला लावून कोमट केली, मनगटावर थेंब टाकून पाहिला, पहिलं पिल्लू पालथं धरून बाटली लावली. विमान उजवीकडे कललं, डावीकडे कललं. बाटलीचा कोन हलला नाही. खिशातून पेन आणि मंडळाच्या जेवणाचं आमंत्रण काढून त्याच्या मागे त्यांनी तक्ता आखला. नंबर, दूध, श्वास, शू.

आणि ते बोलायला लागले. अर्थातच बोलायला लागले.

"या या या, कोण आलंय? काय झालं माझ्या राजाला? एवढी घाई? सगळं तुझंच आहे, हळू पी. हं, शहाणं माझं."

"मामा, बोलायचं नाहीये."

"मी कुठे बोलतोय?" मामा खरंच गोंधळून म्हणाले, आणि पुढचं पिल्लू उचललं. "चला, आता कोण? तुमचा नंबर दोन का? शू करायची ना? शू शू शू... कर बाळा... श्शू... अरे वा! केवढी केली! अख्खा स्वेटर भिजवला! शाब्बास!"

आसावरीने नाद सोडला. तसंही पिल्लांचे कान अजून उघडले नव्हते, हे तिला माहीत होतं. आणि तिला आणखी एक गोष्ट जाणवत होती, की रेडिओ आज फारच शांत आहे. या भागातल्या डोंगरी धावपट्ट्यांची मिळून एकच फ्रीक्वेन्सी असते, आणि सकाळच्या वेळी कोणी ना कोणी तिच्यावर काहीतरी बोलत असतं. आज चिडीचूप. बरं झालं, असं तिला वाटलं.

चौथ्या पिल्लापाशी मामांचा आवाज बदलला.

"आसावरी, हा पीत नाहीये."

तिने वळून पाहिलं. पिवळ्या खुणेचं पिल्लू त्यांच्या तळहातावर पसरून पडलं होतं, बाकीच्यांपेक्षा लहान. तोंडाला बाटली लावली तरी ओठ हलत नव्हते.

"गार पडलंय. गार बाळाला पाजायचं नसतं, आधी ऊब." मामा स्वतःशीच बोलत होते. त्यांनी शर्टाची तीन बटणं काढली, पिल्लू छातीला उघड्या अंगावर ठेवलं, वरून शर्ट आणि ओला स्वेटर ओढून घेतला आणि त्यावर हात ठेवला. "एटी-टू साली आमचं इनक्युबेटर बंद पडलं होतं, हिवाळ्यात. तेव्हा एका आईला मी हेच करायला लावलं होतं. सगळी नर्स मंडळी माझ्यावर हसली. ती मुलगी आता वकील आहे. मला न्यू इयरला कार्ड पाठवते."

पुढचा अर्धा तास ते त्या पिल्लाशी अगदी हळू आवाजात बोलत राहिले. त्याला त्यांनी पार्सिपनीतल्या थंडीचं वर्णन करून सांगितलं. मामींच्या हातची थालीपिठं कशी असतात ते सांगितलं. मामी आपल्याला इकडे का पाठवतात ते आपल्याला कळतं, पण आपण तसं दाखवत नाही, हेही सांगितलं. आसावरी समोर बघत विमान चालवत राहिली.

पठाराची मोठी कड आली. खाली पाइन वृक्षांचं गर्द जंगल सुरू झालं. धावपट्टी म्हणजे डोंगरावरच्या एका गवताळ कुरणात सपाट केलेला मातीचा पट्टा होता. आसावरीने रेडिओवर आपण येतोय असं सांगण्यासाठी बटण दाबलं, आणि तिचं लक्ष रेडिओवरच्या लहानशा दिव्याकडे गेलं. आपण बोलतो तेव्हा तो लागतो. तिने बटण सोडलं. दिवा तसाच राहिला.

जुन्या विमानात हेडफोनशिवाय एक हातात धरायचा माइकसुद्धा असतो, समोर आकड्याला लटकवलेला. तो आकड्यावर नव्हता. वायर मामांच्या मांडीकडे गेली होती.

"मामा, पेटी जरा उचला."

माइक पेटी आणि मामांच्या पोटाच्या मधे चेपून बसला होता, बटणासकट. केव्हापासून, देव जाणे. तिने तो ओढून काढला. दिवा विझला, आणि त्याच क्षणी कानात माणसांचे आवाज फुटले.

"...ऐकतेयस का! आसावरी! देवा, सुटलं एकदाचं!" हा कोडी होता, खाली वाट बघणारा जीवशास्त्रज्ञ. "मी वीस मिनिटं ओरडतोय! धावपट्टीवर गाई आहेत! पुन्हा सांगतो, गाई!"

आणि त्याच्या मागोमाग दुसरा एक अनोळखी, शांत, म्हातारा आवाज आला. "इथे उत्तरेकडे वीस मैलांवर माझं छोटं पायपर विमान आहे. मला फक्त एवढं कळवा, की बाळ ठीक आहे ना?"

मामांनी हेडफोन दोन्ही हातांनी दाबला. "हे सगळे ऐकत होते?"

"हो, मामा."

"थालीपिठाचंसुद्धा?"

"मराठीत होतं. कोणाला कळलं नसेल."

मामांनी माइक मागितला आणि बटण नीट दाबून, इंग्रजीत, डॉक्टरी आवाजात म्हणाले, "बाळ स्थिर आहे. निरीक्षणाखाली आहे. चौकशीबद्दल आभार."

खाली खरोखरच गाई होत्या. पंधरा-वीस लाल-पांढऱ्या गाई धावपट्टीच्या बरोबर मधोमध रवंथ करत उभ्या होत्या. लांडगे येतायत म्हणून निषेधाला जमल्यासारख्या. कोडी आणि त्याचे दोन सहकारी टोप्या हलवत त्यांच्यामागे पळत होते, आणि गाई एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश जाऊन पुन्हा उभ्या राहत होत्या.

आसावरीने घड्याळ पाहिलं. धावपट्टीच्या टोकाचा कापडी वारादर्शक आत्ताच फडफडायला लागला होता. उंचावर हवा विरळ, तिथे चढायला विमान नाखूश असतं, त्यामुळे फार घिरट्या घालून चालणार नव्हतं.

"मामा, मी आता खूप खाली जाणार आहे आणि मोठा आवाज होणार आहे."

"किती खाली?"

ते सांगायला वेळ नव्हता. विमान गवताला शिवेल इतकं खाली आलं, इंजिन गरजलं, आणि गाई शेपट्या वर करून झाडांकडे पळाल्या. मामांनी एका हाताने पेटी, दुसऱ्याने छाती धरून ठेवली होती. पुढची झाडं मोठी मोठी होत समोर आली आणि मग खाली गेली. दुसऱ्या फेरीला उरलेल्या पळाल्या. एक बैल मात्र तिथेच उभा राहिला. तिसऱ्या फेरीला त्याने मान वर करून विमानाकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागला.

"हा नाही हलणार," मामा म्हणाले. "अशी काही मुलं असतात."

आसावरीने अंतर डोळ्यांनी मोजलं. बैल धावपट्टीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात होता. पहिल्या दोन भागांत उतरून थांबायला हवं. ती लांबून वळून आली, वेग कमी, आणखी कमी, आणि धोक्याचा भोंगा बारीक वाजायला लागला तेव्हा चाकं मातीच्या अगदी सुरुवातीला टेकवली. विमान धाडधाड करत, धूळ उडवत पळालं. ब्रेक लागले, पेटी पट्ट्यात पुढे झुकली, आणि बैल खिडकीत मोठा होत होत एकदाचा मोठा व्हायचा थांबला. त्याच्यात आणि पंख्यात एखाद्या मोठ्या हॉलएवढं अंतर होतं. इंजिन बंद झाल्यावर त्याच्या चरण्याचा आवाज ऐकू आला.

आसावरीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"छान उतरवलंस," मामा म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. शर्टात बघत होते. "दोन मिलिलिटर तरी पाजायला हवं याला. बाटली दे."

कोडी धापा टाकत आला. उंच, लाल दाढीचा, चाळिशीतला माणूस. त्याने आधी मामांचा हात हातात घेऊन हलवला आणि विचारलं, "सर, शूशूशू म्हणजे काय?"

मामांनी सांगितलं. कोडीने वहीत लिहून घेतलं.

मग त्याने पिल्लं एकेक करून तपासली. एक, दोन, तीन, पाच. उत्तम. तक्त्यावरचं अक्षर त्याला लागलं नाही, तेव्हा मामांनी ते वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यांनाही लागलं नाही.

"आणि चौथं?"

मामांनी शर्टातून काढून दाखवलं. कोडीचा चेहरा गंभीर झाला. "हे नेता येणार नाही," तो हळूच म्हणाला. "मादीजवळ दुधासाठी धक्काबुक्की असते. अशक्त पिल्लू टिकत नाही. याला परत केंद्रात न्यावं लागेल."

"परत नेलं तर?"

"हाताने वाढवतील. जगेल. पण मग कधीच जंगलात सोडता येणार नाही."

मामांनी घड्याळ पाहिलं. "मला वीस मिनिटं द्या."

"सर, बीळ दोन मैलांवर आहे, मादी बाहेर गेलीय तोवरच..."

"वीस मिनिटं," मामा म्हणाले, आणि विमानाच्या सावलीत मातीत मांडी घालून बसले. एकोणऐंशीव्या वर्षी. कोडीने आसावरीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. त्या आवाजाला नाही म्हणणं तिलाही अजून जमलं नव्हतं.

बाटली मामांनी बाजूला ठेवली. करंगळीवर दुधाचा एक थेंब घेतला आणि पिल्लाच्या ओठाच्या कोपऱ्याला लावला. थांबले. दुसरा थेंब. थांबले. या वेळी ते काहीच बोलत नव्हते. सातव्या की आठव्या थेंबाला ओठ हलले. बाराव्याला त्याने करंगळी चोखली. मग मामांनी बाटली लावली, आणि पिल्लाने पुढचे दोन्ही पंजे बाटलीवर रोवून असं ओढायला सुरुवात केली की त्यांचाच हात मागेपुढे व्हायला लागला. शेवटी त्याने बाटली सोडली आणि ओरडलं. छोट्या अंगाच्या मानाने अगदी उद्धट ओरडणं होतं ते.

"घ्या," मामा म्हणाले. "आता करेल धक्काबुक्की."

कोडीने पिल्लू हातात घेतलं, वजन पाहिलं, मग नाकाजवळ नेलं आणि थबकला. त्याने पुन्हा वास घेतला.

"या लांडग्याला मेंथॉलचा वास का येतोय?"

आसावरीला हसू आवरेना. मामा पहिल्यांदाच ओशाळले. "बाम आहे. मी रोज लावतो. छातीला." मग त्यांना एकदम ध्यानात आलं आणि ते घाबरून म्हणाले, "त्यामुळे आई घेणार नाही का त्याला?"

कोडीने दाढी खाजवली. "बिळातल्या पिल्लांबरोबर यांना घोळवतो आम्ही. बिळातली माती, त्यांची शू, सगळं एकमेकांना फासतो, वास एक व्हावा म्हणून. याला जरा जास्त फासू. पण बामचा प्रयोग आजवर कोणी केलेला नाही, सर. बघू."

ते तिघे पिल्लं पाठीवरच्या पिशव्यांत घालून झाडांमध्ये दिसेनासे झाले. मामा आणि आसावरी विमानाच्या चाकापाशी बसून राहिले. तिने डबा उघडला. दोघांनी पोळीभाजी खाल्ली. बैल जवळ येऊन उभा राहिला. मामांनी एकदाही विचारलं नाही की परत उडायचं कसं. त्यांनी फक्त तीन वेळा विचारलं, की दोन मैल चालायला किती वेळ लागतो.

दीड तासाने कोडीचा रेडिओवर निरोप आला. बिळात चार पिल्लं होती. पाच मिसळली, नऊ झाली. मादी टेकडीच्या पलीकडून भुंकत होती. हे लोक निघाल्यावर ती बिळाकडे जाताना दिसली. आत गेल्यावर काय केलं ते कोणालाच माहीत नाही.

"फोन करून कळवतील का?" मामांनी विचारलं.

"कॅमेरे लावलेत वाटेवर. पण आठवडे लागतात, मामा. कधीकधी महिने."

वाऱ्यामुळे त्यांना दुपारी चारपर्यंत तिथेच थांबावं लागलं. ज्येष्ठांचं जेवण हुकलं. परतीच्या वाटेवर विमान सकाळपेक्षा जास्त हललं, आणि मामा पहिल्या दहा मिनिटांत झोपी गेले. यतीन विमानतळावर न्यायला आला होता. मामांच्या स्वेटरचा वास घेऊन त्याने गाडीच्या चारही काचा खाली केल्या.

पंधरा दिवस संपल्यावर मामा पार्सिपनीला परत गेले. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. हवापाण्याच्या दोन वाक्यांनंतर ते विचारायचे, काही कळलं का. मे गेला, जून गेला. जुलैत कोडीने कळवलं की त्या टोळीने जागा बदललीय आणि कॅमेऱ्यात फक्त हरणं येतायत. आसावरीने तेही सांगितलं. मामी मागून म्हणाल्या, "हल्ली फ्रिजकडे बघतसुद्धा नाहीत गं. दिवसभर लांडग्यांवर वाचत असतात. मला जेवताना सांगतात, कोणी काय ओकून पिल्लांना भरवलं ते."

ऑगस्टच्या शेवटी व्हिडिओ आला. अकरा सेकंदांचा. पहाटेचा ओढा, एक मोठी लांडगी पाण्यातून पलीकडे जाते, आणि तिच्यामागे रांगेने लांब तंगड्यांची, मोठ्या कानांची पिल्लं. आसावरीने पाच वेळा मोजली. सात. नऊपैकी सात. कोडीने लिहिलं होतं की हा आकडा फार चांगला आहे, आणि आपल्या पाचांपैकी यात कोण कोण आहे ते नुसतं बघून सांगता येत नाही.

तिने तो मामांना पाठवला. तासभर काही उत्तर आलं नाही. मग फोन आला.

"शेवटून दुसरं बघ," मामा म्हणाले. "डावा मागचा पाय किंचित बाहेर टाकतोय. कोडीला सांग, एकदा तपासून घ्या म्हणावं."

"मामा, आता त्याला कोणी पकडू शकत नाही. तो जंगली आहे."

मागे रेखामामी कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या.

"हो," मामा म्हणाले. "तेही खरंच." आणि मग जरा वेळाने, "आई मात्र लक्ष देणारी दिसते. तीनदा मागे वळून बघितलं तिने. तू मोजलंस का?"

आसावरीने मोजलं नव्हतं. तिने फोन न ठेवता व्हिडिओ पुन्हा लावला.